विहीणबाई, वाटी तुम्हीच निवडलीत

प्रिय विहीणबाई,

प्रिय लिहिलंय म्हणून लगेच चढून बसू नका. पत्राच्या सुरुवातीला काहीतरी लिहावंच लागतं, आणि तीर्थस्वरूप लिहावं इतक्या मोठ्या तुम्ही मला कधी वाटला नाहीत. माझी शाळा चौथीत सुटली. तुमचा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवण्यात गेला. तेव्हा चुका निघणारच. लाल पेन हाताशी असेल तर बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका.

लिहायचं कारण तुमची लेक. परवा अदिती भाजी परतत होती, मी टेबलाशी लसूण सोलत होते. मध्येच तिचा हात थांबला. म्हणाली, "अहो आई, तेव्हा नळी घालून घेतली असती तर माझी आई आज असती का?"

मी म्हणलं, कांदा जळतोय बघ. खरंच जळत होता म्हणा. पण कांदा बाजूला काढला तरी प्रश्न तिथंच राहिला. परवापासून बघतेय, पोरगी जेवताना दोन घास खाते आणि ताटाकडं बघत बसते. तिला उत्तर द्यायला पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय या घरात कोण देणार? आमचा महेश बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लॅपटॉप उघडून बसतो. म्हणून म्हणलं, आधी तुमच्याशी सगळं एकदा उजळून घ्यावं. ज्या बाईचा निकाल तिनं स्वतः केला, तिच्यासमोर बोललेलं बरं.

तुम्हाला आपल्या पोरांच्या लग्नातली विहिणीची पंगत आठवते का? आम्ही कराडकर मुलाकडचे, पण तुम्ही हॉलंडहून आलेल्या म्हणून पाहुण्या तुम्हीच ठरलात आणि वाढायला मी उभी राहिले. मी जिलबी घेऊन आले की तुम्ही ताटावर आडवा हात. "पुरे हो, अगदी पुरे." काय तो आवाज, काय ती मान वाकडी करणं! मी बोटांच्या फटीतून जिलबी सारली. तुम्ही ती संपवलीत. पुन्हा आले, पुन्हा हात, पुन्हा फट. तुमच्या पोटाची खोली मला त्याच दिवशी कळली. इतकी वर्षं हॉलंडातल्या त्या बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहून, डचांसारखी डच बोलून, सायकलवरून बाजारहाट करूनसुद्धा तुमचा तो हात काही बदलला नव्हता.

मग तुम्हाला तो झटका आला. माझी तीन महिने इथं, तीन महिने तिकडं अशी व्हिसाची वारी चालू असते, आणि त्या वेळी मी इथं आल्मेऱ्यात, महेशच्या घरीच होते. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तुमची ती फाडफाड डच कुठं उडून गेली देव जाणे, इंग्रजीही गेली, आणि एवढ्या मराठीतून उरलं काय, तर "अगं बाई" आणि "छे". मला सांगा, निवडून निवडून हेच दोन शब्द का ठेवलेत? त्यातलंही कुठलं कधी येईल याचा नेम नाही. पाणी हवं का म्हणलं तरी छे, आणि पाणी दिलं नाही तरी छे.

त्याहून वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. साधा पाण्याचा घोट घेतला की ठसका, डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट गळ्यात शेजारी शेजारी असतात, आणि मधलं दार तुमचं वेळेवर लागेना. हॉस्पिटलातून तुम्हाला आमच्या घराजवळच्या केअर होममध्ये आणलं, आणि ठसका लागू नये म्हणून तिथं तुमच्या चहात घट्ट करायची पूड घालून त्याची खळ करायला लागले. पहिला चमचा तुम्ही त्या नर्सच्या पांढऱ्या शर्टावर उडवलात. मला मनातून फार बरं वाटलं. म्हणलं, बाई अजून शाबूत आहे.

पण पुढं पुढं तुम्ही वाळायला लागलात. ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या. केअर होमवाले अदितीला सांगायचे, आई जेवायला नकार देतात. रोज तेच. अदिती ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी यायची, स्वतःच्या हातानं दही भरवायची. तुम्ही चार चमचे घ्यायचात आणि तोवर इतक्या दमलेल्या असायचात की मान खाली. लेकीसमोर कसला हात आडवा धरताय? तिथं कसला मानपान! त्यामुळं तिला काही कळलंच नाही. तिला वाटलं, आई मनानं सुटली, तिला आता जगायचं नाही. गाडीत बसून रडायची आणि घरी येताना डोळे पुसून यायची. नाक लाल असायचं, तेवढं कसं पुसणार?

डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच उतरत गेलं तर पोटातून नळी बसवावी लागेल, तिच्यातून अन्न सोडू, तोंडानं काही द्यायचं नाही. बैठक ठरली.

आणि मग आली तुमची इंद्रा. तुमचीच म्हणते, कारण तुम्ही तिला बघून हसायचात आणि मला बघून कपाळाला आठ्या घालायचात. बोलायला आणि गिळायला शिकवणारी ती, इथं तिला लोगोपेडिस्ट म्हणतात. सुरीनामकडची हिंदुस्तानी पोरगी, पणजोबा कधीकाळी बोटीतून तिकडं गेलेले. तिची हिंदी त्या पणजोबांच्या काळातली आणि माझी हिंदी कराडच्या एसटी स्टँडवरची, पण जमायचं आमचं. ती मला आजी म्हणायची. त्यांच्याकडं पण आजीला आजीच म्हणतात म्हणे.

तिनं काय केलं, तर कागदात काय लिहिलंय ते वाचत बसण्याऐवजी दुपारी जेवणाच्या वेळेला येऊन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. नर्स ताट घेऊन आली. तुम्ही डावा हात आडवा धरलात. नर्स भली पोरगी, तिनं वाकून काहीतरी विचारलं, तुमची मान हलली, आणि ती ताट घेऊन गेली. तिची काही चूक नाही हं. इथली रीतच तशी. नाही म्हणलं की नाही, त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे अपमान. कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करतात, हे तर तुम्हीच मला हसून सांगितलं होतं.

पण इंद्राला एक दिसलं. ताट निघालं तसे तुमचे डोळे ताटामागं गेले. पार दारातल्या ढकलगाडीपर्यंत गेले. तिनं अदितीला फोन केला. म्हणाली, ज्याला खायचं नसतं तो ताटामागं बघत नाही. तुमच्या घरातलं कोणी उद्या दुपारी येऊन बसेल का? अदितीची मीटिंग होती. तिनं मला धाडलं.

मी गेले, बसले, नर्स आली, आणि तुम्ही तो हात आडवा धरलात. तोंड वाकडं झालेलं, मान धरवत नाही, पण हात मात्र अगदी पंगतीतला! मी फसकन हसले. इंद्रानं विचारलं, "क्यों हँसी, आजी?"

मी म्हणलं, "ये ना नहीं है. ये मान है. हमारे में पहले ना बोलने का, फिर खाने का."

"कितनी बार ना?"

"वो पूछनेवाली के ऊपर है."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग तुमच्याकडं बघत राहिली. मी तेवढ्यात चमचा भरून तुमच्या बोटांच्या फटीकडं निघालेच होते. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "पूछो आजी. ठूँसो मत."

मग मला तिनं आग्रह करायला शिकवला. मला! आधी तुम्हाला ताठ बसवलं, पाठीशी उशी लावली, हनुवटी जराशी खाली. चमचा लहान, तोही अर्धा भरलेला. घास दिला की थांबायचं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते का बघायचं. तोंड रिकामं झालं का बघायचं. मग चमचा समोर धरून पुन्हा विचारायचं. तुमचा हात आला की थांबायचं, हसायचं, पुन्हा विचारायचं. हात खाली गेला की पुढचा घास. इतका सावकाश आग्रह मी जन्मात केला नव्हता. माझे पाय आखडले. पण तुम्ही ते बटाट्याचं करडं लगद्यासारखं काहीतरी अख्खं संपवलंत, आणि वर माझ्याकडं असं बघितलंत की जणू मीच ते वाईट शिजवलं होतं.

संध्याकाळी अदितीला सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून खाली बसली. "म्हणजे तिला भूक होती?" एवढंच म्हणाली. मी म्हणलं, भूक होती, आहे, आणि त्या बाईची भूक काय असते ते मी लग्नात बघितलंय.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. कसलं संपतंय! इंद्रानं तुमच्या खुर्चीमागं ताटावरच्या हाताचं चित्र चिकटवलं आणि खाली डचमध्ये लिहिलं की हा नकार नाही, थांबा, पुन्हा विचारा. पण रोज नवी नर्स. कुणाला वेळ नाही. एकीला सहा जणांना भरवायचं, ती तुमच्यापाशी घाटी वर जायची वाट कशी बघणार? मग इंद्रा तिथल्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं, मी बाहेर बाकावर होते. भाषा कळत नव्हती, भांडण मात्र स्वच्छ कळत होतं. एकदाही आवाज चढवला नाही पोरीनं, आणि एकदाही उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या जेवणाला एक नर्स तुमच्यापाशी खुर्ची घेऊन बसायला लागली.

मग ती बैठक. डॉक्टरांना अदिती आणि महेशशी बोलायचं होतं. तुम्हाला वर खोलीत ठेवणार होते, दमाल म्हणून. इंद्रा सरळ वर गेली आणि तुमची चाकाची खुर्ची ढकलत खाली घेऊन आली. म्हणाली, जिच्या घशाची बैठक आहे तीच बाहेर कशी? आणि अदिती नेहमीप्रमाणं सगळं मराठीत सांगायला लागली, तर तिला थांबवलं. "आज तू मुलगी म्हणून बस. दुभाषा मी बोलावलाय."

तो दुभाषा तर तुम्हाला आठवतच असेल. फोनच्या स्पीकरमधला तो कुणी गृहस्थ! "आपणांस उदरात नलिका बसवून पोषण घेणे अभिप्रेत आहे काय?" मी अदितीच्या शेजारून म्हणलं, अहो, आजारी बाई आहे ती, कीर्तन नको, सोपं बोला. महेशनं माझ्याकडं डोळे वटारले. तुम्ही मात्र हसलात. अर्ध्याच तोंडानं, पण हसलात.

मग तो माणूस सुधारला. इंद्रा एकेक वाक्य बोलायची, तो सांगायचा, मग ती तुमच्या डोळ्यांकडं बघत थांबायची. तिनं काही लपवलं नाही. नळी घातली तर वजन वाढेल, औषधं नीट जातील. पण थुंकी तुम्हाला तरीही गिळावीच लागेल, ती कधी छातीत उतरू शकेल. तोंडानं खाल्लंत तर चव मिळेल, चारचौघांत बसून जेवाल, पण अन्न छातीत उतरायची भीती जास्त. ताप येईल. त्यातून माणूस जाऊही शकतं. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगायला लावलं. अदितीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

टेबलावर दोन चित्रं ठेवली. एकात नळी, एकात वाटी आणि चमचा. तुम्ही डावा हात उचललात आणि वाटीवर ठेवलात.

डॉक्टर म्हणाले, यांना समजलंय हे कशावरून? इंद्रा म्हणाली, बरोबर विचारलंत, मी पुन्हा विचारणार आहे. चार दिवसांनी तीच खोली, तीच माणसं, फक्त चित्रांच्या जागा बदललेल्या. तोच दुभाषा, आता अगदी शहाण्यासारखं बोलणारा. तुम्ही चित्रांकडं बघितलंत, आम्हा सगळ्यांकडं बघितलंत, आणि वाटीच्या चित्रावर अशी थाप मारलीत की डॉक्टरांच्या पेल्यातली कॉफी त्यांच्या कागदांवर. "अगं बाई," म्हणालात. त्या दोन शब्दांचा त्याहून चांगला उपयोग मी आजवर ऐकलेला नाही.

डॉक्टर पेला सावरत म्हणाले, ठीक आहे, वाटी.

त्यानंतर तर आपलं राज्यच आलं की हो! इंद्रा एके दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आली आणि मी केलेलं सगळं काट्यानं तपासत बसली. काट्याच्या दातांतून गळतंय का, चमच्यावर टिकतंय का. पोहे बाद. भाकरी बाद, कण सुटतात म्हणून. साबुदाण्याकडं तर तिनं असं बघितलं, जसं पोलीस चोराकडं बघतात. पिठलं पास. मऊ तांदळाची पेज, घोटून, पास. आणि श्रीखंड? इथल्या क्वार्क नावाच्या घट्ट दह्याचं, फडक्यात बांधून ठेवलेलं, वेलदोडा गाळून घातलेला? चमचा उलटा केला तरी पडेना. इंद्रा म्हणाली, आजी, हे तर औषध म्हणून लिहून द्यावं. मी चारोळी घालायला गेले तर डबाच काढून घेतला.

केअर होमच्या स्वयंपाक्याला तिनं त्याचाच करडा लगदा आणि खळ केलेला चहा चाखायला लावला. म्हणे, त्यानं दुसरा चमचा घेतला नाही. त्या दिवसापासून तिथं गाजर वेगळं, बटाटा वेगळा, रंग ओळखू येतील असं वाढायला लागले. त्याचा फायदा तुमच्या टेबलावरच्या सगळ्या डच म्हाताऱ्यांना झाला. त्यातली ती एक, निळ्या स्वेटरवाली, तुमच्या श्रीखंडाकडं बघून रोज उसासे टाकायची. आता तिथं नवीन माणूस आलं की घरच्यांना आधी विचारतात म्हणे, हे घरी नाही कसं म्हणतात आणि हो कसं म्हणतात?

माझा व्हिसा संपला, मी कराडला गेले. व्हिडिओवर तुम्हाला बघायची. गाल भरले होते. अदिती घास देऊन थांबायची, तुम्ही सावकाश गिळायचात, आणि मी फोनमधून म्हणायची, विहीणबाई, एक घ्या माझ्याकडचा. तुम्ही "छे" म्हणून तोंड उघडायचात.

आणि मग मी नसताना गेलात. हे काही बरं केलं नाहीत. छातीत कफ झाला, ताप चढला, काही दिवसांतच आटोपलंत. वर्षाचे सहा महिने मी इथं असते, त्यातला एखादा दिवस निवडायला काय झालं होतं? मला बातमी फोनवर, हातात मेथीची जुडी. ती निवडत बसले, दुसरं काय करणार? तुमच्यासाठी गळा काढून रडले असते तर तुम्हीच हसला असतात.

तर आता अदितीचं. नळी घातली असती तर तुम्ही असतात का? मी इंद्राला विचारलं. तिनं खोटा दिलासा दिला नाही. म्हणाली, सांगता येत नाही. कदाचित अजून काही दिवाळ्या दिसल्या असत्या, कदाचित तोच ताप आधीही आला असता. मलाही ठाऊक नाही. तुम्हाला तर आता ठाऊक असेल, पण तुम्ही सांगणार थोड्याच!

अदितीचं चुकतंय ते असं, की तिला वाटतं निवड तिनं केली. का वाटतं तेही कळतं मला. कागदावर सही तिची आहे, रोज चमचा तिच्या हातात होता. पण त्या खोलीत मी होते. थांबवल्यावर तिनं तर तोंडही उघडलं नव्हतं, ती मुलगी म्हणून बसली होती. इंद्रानं त्या दिवशी तिला बाजूला बसवलं ते याचसाठी, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. आईचं ओझं लेकीच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून त्या पोरीनं तुम्हाला खाली आणलं, दुभाषा आणला, दोनदा विचारलं. आणि आमची शहाणी तेच ओझं स्वतः शोधून उचलून घेते.

तर ऐका, शब्द देते. आज ती कामावरून आली की तिला समोर बसवून सांगणार आहे. गोड बोलायला मला येत नाही, तेव्हा जसं येतं तसं सांगेन. की तुझ्या आईला भीती सांगितली होती, दोनदा सांगितली होती, तिला ती कळली होती, आणि तरी तिनं वाटी घेतली. ते तिचं होतं. ते तिच्याकडून काढून घेऊन तू स्वतःच्या नावावर करू नकोस. एकदा सांगून पटणार नाही, लेक तुमचीच आहे. उद्या पुन्हा विचारेल, मी उद्या पुन्हा सांगेन. इथं असले तर टेबलाशी, कराडला असले तर फोनवर. तिचा घास सरळ खाली उतरेपर्यंत सांगत राहीन.

दार वाजलं. आली वाटतं.

तुमची विहीण,
हौसा